मालमत्ता विमा

इमारती, यंत्रसामग्री, मालाचा साठा, घरगुती सामान यांसारख्या मूर्त मालमत्तेचे आग, स्फोट, वादळ, पूर, भूकंप, घरफोडी इ. आपत्तींमुळे होणारे आर्थिक नुकसान ठरीव हप्त्याच्या मोबदल्यात भरून देण्याचा करार. विम्यामुळे मालमत्तेचे रक्षण होत नाही. ती नष्ट झाल्यास मालकावर कोसळणारा भार सारख्याच धोक्याखाली असलेल्या अनेक विमेदारांत विभागला जातो. हा निधी सर्वांच्या हप्त्यांतून उभा राहत असल्याने विमेदाराला झालेली हानी भरून मिळावी, परंतु हानीतून नफा होऊ नये, हे या विम्याचे मुख्य सूत्र होय. त्यातील बहुतेक संज्ञा या सूत्रातूनच निघालेल्या आहेत.

लंडनमध्ये १६६६ साली लागलेल्या आगीत सु. तेरा हजार घरे भस्मसात झाल्यानंतर निकोलस बार्बन याने १६८० च्या सुमारास तेथे घरांचा आगीविरुद्ध विमा उतरविण्याचा व्यवसाय सुरू केला. भारतात ट्रायटन ही कंपनी १८५० मध्ये कलकत्त्यास स्थापन झाली. सर्व प्रकारचा सर्वसाधारण विमा उतरविणारी इंडियन मर्कंटाईल ही कंपनी १९०७ मध्ये निघाली. १९७२ च्या अधिनियमान्वये या व्यवसायाचे राष्ट्रीयीकरण होऊन १ जानेवारी १९७३ पासून १०७ विमा संस्थांचे चार कंपन्यांत एकत्रीकरण झाले. १९९९ च्या अधिनियमानंतर खाजगी कंपन्यांना हे क्षेत्र पुन्हा खुले झाले.

ज्या मालमत्तेच्या नाशाने विमेदाराचे आर्थिक नुकसान होईल, तिच्यातच त्याचा विमायोग्य हितसंबंध असतो. मालक, गहाणदार, माल ताब्यात असलेला गोदामवाला अशांना तो असतो, शेजाऱ्याला नसतो. हितसंबंधाविना केलेला विमा ही निव्वळ पैज ठरते आणि पैजेचे करार भारतीय संविदा अधिनियम, १८७२ नुसार शून्य आहेत. हा नियम किती काटेकोर असू शकतो, हे मकॉरा खटल्यावरून (१९२५) दिसते. उत्तर आयर्लंडमधील या जमीनदाराने आपले लाकूड एका कंपनीला विकले. कंपनीचे सर्व भाग त्याचेच होते. परंतु लाकडाचा विमा त्याने स्वतःच्या नावे उतरविला होता. लाकूड जळाल्यावर, ते कंपनीचे असून भागधारकाचे नव्हे, या कारणास्तव हाउस ऑफ लॉर्ड्‌सने त्याचा दावा अमान्य केला. कुटुंबातील धंदा कंपनीच्या नावे करून विमापत्र मात्र जुन्याच नावावर ठेवणाऱ्यांनी हा निर्णय लक्षात घेण्याजोगा आहे.

क्षतिपूर्तीचे तत्त्व कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन (१८८३) या इंग्लिश खटल्यात स्पष्ट झाले. घर विकण्याचा करार झाल्यावर, पण व्यवहार पुरा होण्याआधी घराला आग लागली. विक्रेत्याने विम्याचे ३३० पौंड घेतले व पुढे खरेदीदाराकडून पूर्ण किंमतही वसूल केली. नुकसान उरलेच नाही, म्हणून ती रक्कम त्याला कंपनीला परत करावी लागली. भारतात मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४९ नुसार, विरुद्ध करार नसल्यास, विक्रेत्याला मिळालेली आग विम्याची रक्कम मालमत्ता पूर्ववत करण्यासाठी लावण्याची मागणी खरेदीदार करू शकतो. भरपाई दिल्यानंतर, नुकसानीस जबाबदार असलेल्या तिऱ्हाइताविरुद्धचे विमेदाराचे हक्क कंपनीकडे संक्रमित होतात. एकाच मालमत्तेचा दोन कंपन्यांकडे विमा असल्यास त्या भरपाईचा भार प्रमाणशीर वाटून घेतात. विमेदाराला दुप्पट मिळत नाही.

विमेदारांचा सर्वाधिक अपेक्षाभंग करणारी तरतूद म्हणजे सरासरी कलम. समजा, गोदामातील कापसाचे मूल्य १० लाख रु. असून विमा ६ लाख रुपयांचाच आहे आणि आगीत ४ लाखांचा कापूस जळाला. नुकसान विम्याच्या रकमेहून कमी असल्याने ते पूर्ण मिळेल, असे विमेदारास वाटते. परंतु उरलेल्या चार-दशांश मूल्याचा धोका त्याने स्वतःकडेच ठेवलेला असल्याने त्याला ४ लाखांच्या सहा-दशांश, म्हणजे २ लाख ४० हजार रु. मिळतात. हा दंड नव्हे. ज्या प्रमाणात हप्ता भरला त्याच प्रमाणात ही भरपाई असते. हंगामानुसार साठा कमीजास्त होणाऱ्या धंद्यांसाठी, साठ्याचे मूल्य वेळोवेळी कळविण्याची अट असलेली घोषणा विमापत्रे काढतात. भारतात १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ या घरांसाठीच्या प्रमाणित विमापत्रात अपुऱ्या विम्याबद्दलची ही कपात काढून टाकण्यात आली. लहान उद्योगांसाठीच्या तत्सम विमापत्रांत पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ केली आहे.

म्हणूनच मूल्य ठरविण्याची पद्धत महत्त्वाची ठरते. बाजारमूल्यावर आधारलेल्या विम्यात वापरामुळे झालेली झीज वजा होते. पुनःस्थापना मूल्यावरील विम्यात तशीच नवी वस्तू उभारण्याचा खर्च मिळतो, मात्र ती प्रत्यक्षात उभारावी लागते. शहरांत सदनिकेची खरेदी किंमत हीच विम्याची रक्कम समजण्याची चूक सर्रास आढळते. त्या किमतीतील मोठा भाग जमिनीचा असतो व जमीन जळत नाही; विमा बांधकामाच्या खर्चाचा हवा. दुर्मिळ कलावस्तूंसाठी मात्र मूल्य आधीच उभयपक्षी ठरवून घेतात.

नुकसान विम्यात समाविष्ट असलेल्या आपत्तीमुळेच झाले पाहिजे. त्यासाठी घटनांच्या साखळीतील प्रभावी, म्हणजे निकटतम, कारण शोधतात. आग विझविताना मारलेल्या पाण्याने भिजलेले कापड हे आगीचेच नुकसान होय. मुंबई गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजावर प्रथम आग लागली, मग स्फोटकांचे दोन प्रचंड स्फोट झाले आणि जळत्या अवशेषांनी वस्तीत आगी पसरल्या. अशा वेळी नुकसान आगीचे की स्फोटाचे, हे विमापत्राच्या शब्दांवर ठरते. त्या प्रसंगी सरकारने १९४४ मध्येच खास अध्यादेश काढून भरपाईची व्यवस्था केली. कापूस, कोळसा, उसाचे चिपाड हे पदार्थ आतील उष्णतेने आपोआप पेटू शकतात; २००१ च्या अखिल भारतीय दरपत्रकातील प्रमाणित विमापत्रात असे स्वयंज्वलन वगळलेले होते व जादा हप्ता देऊन ते समाविष्ट करता येई.

धोक्याविषयीची माहिती विमेदारालाच असल्याने ती न लपविता सांगण्याचे बंधन त्याच्यावर असते. यास परम सद्‌भावाचे तत्त्व म्हणतात. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ६४ व्हीबी नुसार हप्ता मिळाल्याशिवाय कंपनी धोका पत्करू शकत नाही. दाव्यातील ठराविक प्रारंभिक रक्कम विमेदाराने स्वतः सोसावयाची असते. मोठ्या हानीचे मूल्यमापन परवानाधारक सर्वेक्षक करतो. जळक्या मालाच्या विक्रीतून येणारी किंमत तो नुकसानीतून वजा करतो. त्याचा अहवाल मात्र अंतिम नसतो. कंपनी त्याहून वेगळी रक्कम देऊ शकते आणि विमेदार त्याविरुद्ध दाद मागू शकतो.