वाटीतले पीठ आणि तराजूतले पीठ

नाचणीची बिस्किटे वा ज्वारीची नानकटाई विक्रीसाठी करणाऱ्या बचत गटांपुढे एक पेच वारंवार उभा राहतो. कृती तीच, भट्टी तीच. तरीही एक खेप खुसखुशीत उतरते आणि दुसरी हातात घेताच भुगा होते. दोष बहुधा भट्टीचा नसतो, वाटीचा असतो.

आकारमानाने मोजण्याची रीत आपल्याकडे जुनीच. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर भात यांचे वजन सारखे नसते, हे खळ्यावर प्रत्येकाला ठाऊक होते. माप सपाट भरायचे की शिगेचे, हाच काय तो वाद. 1956 च्या वजनमापे कायद्यानंतर बाजार किलोवर आला. स्वयंपाकघर मात्र वाटीवरच राहिले, आणि केकच्या कृतींबरोबर तेथे ‘कप’ही आला.

चमच्याने हलके भरून सपाट केलेल्या 240 मिलिलिटरच्या कपात मैदा सुमारे 120 ग्रॅम बसतो. तोच कप डब्यात खुपसून दाबून भरला, तर 150 ग्रॅमपर्यंत जातो. त्याच कपात साखर 200, पाणी 240 आणि मध सुमारे 340 ग्रॅम मावतो. म्हणून ‘अर्धा किलो म्हणजे किती कप?’ या प्रश्नाला पदार्थाचे नाव सांगितल्यावाचून उत्तर नाही. शिवाय बाजारातील कप कुठे 240, कुठे 250 मिलिलिटरचा असतो.

धान्यशास्त्रात हाच विचार हेक्टोलिटर वजनाच्या रूपाने येतो. चांगला गहू शंभर लिटरमध्ये 75 ते 80 किलो भरतो. म्हणजे आपल्या कपात साधारण 185 ग्रॅम. दळून चाळल्यावर कणांमध्ये हवा शिरते आणि त्याच गव्हाचे पीठ कपात पुष्कळच कमी बसते. नाचणी-ज्वारीचे पीठ तर प्रत्येक गिरणीत निराळ्या जाडीचे उतरते. छापील तक्त्यावर विसंबण्यापेक्षा आपला तक्ता आपणच करावा. रिकामा कप काट्यावर ठेवून शून्य करावा आणि काठोकाठ पाणी भरावे. जितके ग्रॅम, जवळपास तितके मिलिलिटर. मग कप कोरडा करून त्यात पीठ एकाच पद्धतीने पाच वेळा भरून तोलावे व सरासरी लिहून ठेवावी. गिरणी बदलली की तक्ताही नवा.

सोड्याबाबत मात्र तराजूचा आग्रह नको. एक ग्रॅमपर्यंतच दाखवणाऱ्या काट्यावर दोन ग्रॅम सोडा भरवशाने तोलता येत नाही. तेथे सपाट भरलेला मापाचा चमचाच बरा.

मोठ्या खेपेसाठी पीठ शंभर भाग धरून बाकीचे जिन्नस त्याच्या प्रमाणात लिहावेत. उदाहरणार्थ, पीठ 100, तूप 60, पिठीसाखर 50. पाच किलो पिठाला तूप तीन किलो आणि साखर अडीच किलो. पाण्याचा आकडा तेवढा सैल ठेवावा. झाशीतील नगरा भागात मे महिन्याच्या कोरड्या हवेतील पीठ आणि जुलैत दापोलीचे पीठ यांतील ओलावा सारखा नसतो. म्हणून बिस्किटांचे पीठ भिजवताना थोडे पाणी मागे ठेवून लागेल तसे घालावे.

विक्रीच्या पाकिटावर निव्वळ वजन छापणे वैधमापन कायदा, 2009 नुसार बंधनकारक आहे. भट्टीत पाणी उडून जाते, म्हणून 200 ग्रॅमच्या पाकिटासाठी 200 ग्रॅम गोळा पुरत नाही. पहिल्या खेपेचे कच्चे व भाजलेले, दोन्ही वजन टिपून घट काढावी आणि गोळ्याचे वजन त्यावरून ठरवावे.