गृहोपयोगी ध्वनिविवर्धकातील उष्णतेचा प्रश्न

ध्वनिविवर्धकाची थोरवी लाउडस्पीकरला मिळणाऱ्या वॉटांवरून ठरविण्याची प्रथा आहे. या वॉटांची किंमत आतील ट्रान्झिस्टरांना उष्णतेच्या रूपाने चुकवावी लागते. ती सर्वाधिक केव्हा असते, याविषयीची रूढ समजूत मात्र तपासून पाहण्याजोगी आहे. आवाज पूर्ण चढविला असता विवर्धक सर्वाधिक तापतो, असे सहज वाटते. 'अ' वर्गाच्या विवर्धकात नेमके उलट घडते. १०० वॉटांचा आदर्श विवर्धक संगीत थांबले असतानाच २०० वॉट उष्णता निर्माण करीत असतो.

'ब' वर्गाची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. ज्यावक्रीय संकेत व शुद्ध रोध गृहीत धरल्यास १०० वॉटांच्या पूर्ण उत्पादनाच्या वेळी पुरवठ्यातून सुमारे १२७ वॉट घेतले जातात, म्हणजे उष्णता केवळ २७ वॉट. संकेताचा दाब कमाल मर्यादेच्या ६४ टक्क्यांवर आणला की लाउडस्पीकरला सुमारे ४० वॉट मिळतात आणि तितकेच वॉट ट्रान्झिस्टरांत जिरतात. हीच सर्वांत कठीण अवस्था होय.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये विवर्धकांच्या जाहिरातींसाठी जो नियम केला, त्यात मोजमापापूर्वी विवर्धक एक तास घोषित शक्तीच्या एकतृतीयांशावर चालविण्याची अट होती. वरील गणिताने पाहता एकतृतीयांशास उष्णता घोषित शक्तीच्या ४०.२ टक्के येते, म्हणजे कमाल मर्यादेस जवळजवळ भिडते! २००० साली ही अट एकअष्टमांशावर उतरविण्यात आली; तेथे उष्णता साडेबत्तीस टक्के भरते. संगीताची सरासरी शक्ती त्याच्या शिखरांहून पुष्कळच कमी असते हे खरे. तथापि प्रस्तुत लेखकास जुनी अट अधिक प्रामाणिक वाटते.

आता ही उष्णता हवेपर्यंत कशी पोहोचते ते पाहू. ओहमच्या नियमाप्रमाणेच येथे तापमानातील फरक म्हणजे उष्णतेचा प्रवाह गुणिले उष्णतारोध. समजा, दोन ट्रान्झिस्टर एकाच हीट सिंकवर बसविले असून प्रत्येकात २० वॉट जिरतात. अंतर्गत संधीपासून आवरणापर्यंत रोध प्रतिवॉट १ अंश, अभ्रकाची चकती व मलम मिळून अर्धा अंश, आणि हीट सिंकचा ०.८ अंश धरला, तर वाढ अनुक्रमे २०, १० व ३२, एकूण ६२ अंश सेल्सिअस होते. शेवटच्या पदात दोन्ही ट्रान्झिस्टरांचे ४० वॉट घ्यावे लागतात, हे विद्यार्थ्यांच्या नजरेतून पुष्कळदा सुटते.

येथेच ८ ओहमऐवजी ४ ओहमचा लाउडस्पीकर जोडला, तर उष्णता दुप्पट होऊन वाढ १२४ अंशांवर जाते. २५ अंशांच्या प्रयोगशाळेत संधी १४९ अंशांवर, म्हणजे अनेक ट्रान्झिस्टरांस लागू असलेल्या १५० अंशांच्या मर्यादेच्या अगदी काठावर राहील. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या हवेत, तीच १६९ अंश होईल. विवर्धक बंद कपाटात ठेवल्यास त्याभोवतीची हवा याहूनही तप्त असते. शिवाय प्रत्यक्ष लाउडस्पीकर हा शुद्ध रोध नसतो. दाब व प्रवाह यांत कलांतर पडले की ट्रान्झिस्टरांवरील भार आणखी वाढतो.

उष्णतेचा दुसरा धोका आपणच आपल्याला वाढविणारा आहे. संधी तापली की दिलेल्या प्रवाहासाठी लागणारा बेस-एमिटर दाब प्रत्येक अंशास सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. बाहेरून दिलेला दाब तसाच राहिल्यास प्रवाह वाढतो, त्याने उष्णता वाढते, आणि हे चक्र ट्रान्झिस्टर जळेपर्यंत चालू राहू शकते. म्हणून दाब ठरविणारा लहान ट्रान्झिस्टर हीट सिंकवरच बसवितात. परंतु संधी क्षणार्धात तापते, हीट सिंकला मात्र काही मिनिटे लागतात. या विलंबामुळे भरपाई कधीच तंतोतंत होत नाही. एमिटरमधील अंशमात्र ओहमाचे रोधक म्हणूनच अनिवार्य ठरतात.

'ड' वर्गाच्या विवर्धकांनी, ज्यांची कार्यक्षमता ९० टक्क्यांवर जाऊ शकते, हा प्रश्न बराच सौम्य केला आहे. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत मात्र हीट सिंकची पाती उभीच असावीत, म्हणजे तापलेली हवा त्यांमधून विनासायास वर जाते. आणि विद्युत् विच्छेद्य धारित्रे त्यांपासून दूर बसवावीत, कारण दर दहा अंशांच्या वाढीस त्यांचे आयुष्य साधारणपणे निम्मे होते.