पाटीवर १००, पण १०० काय? आयर्लंडमध्ये सीमा ओलांडताना वेगाचं माप का बदलतं?

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टहून आयर्लंडची राजधानी डब्लिनकडे गाडीने निघालात, तर वाटेत आंतरराष्ट्रीय सीमा लागते. तिथे ना फाटक, ना तपासणी नाका. मात्र ती ओलांडताच रस्त्यावरच्या आकड्यांचा अर्थ बदलतो.

उत्तर आयर्लंड हा युनायटेड किंग्डमचा भाग आहे. तिथे पेट्रोल लिटरने मिळतं, पण वेगमर्यादा आजही ताशी मैलांत असते. आयर्लंडमध्येही पूर्वी तसंच होतं. २० जानेवारी २००५ रोजी त्या देशाने सर्व वेगमर्यादा ताशी किलोमीटरमध्ये आणल्या.

नुसता आकडा वाचला तर?

एक मैल म्हणजे सुमारे १.६ किलोमीटर. आयर्लंडमध्ये पाटीवर १०० लिहिलंय आणि चालकाने मैलांच्या काट्यावर १०० गाठले, तर गाडी ताशी १६० किलोमीटरने धावेल. गावात ५० ची मर्यादा असताना हीच चूक झाली, तर वेग ८० होईल. पादचाऱ्यांच्या दृष्टीने हा फरक जीवघेणा ठरू शकतो.

उलट दिशेनेही धोका आहे. आयर्लंडचा चालक ब्रिटिश मोटरवेवर ७० ची मर्यादा किलोमीटरची समजला, तर तो जेमतेम ४३ मैलांच्या वेगाने जाईल आणि मागून ७० मैलांनी येणाऱ्या गाड्यांच्या वाटेत येईल.

मग चालकांनी ओळखायचं कसं?

आयर्लंडच्या वेगमर्यादेच्या पाट्यांवर आकड्याखाली 'किमी/तास' या अर्थाची इंग्रजी अक्षरं असतात. ब्रिटिश पाट्यांवर मात्र नुसता आकडा असतो. तो मैलांचा आहे, हे चालकाने गृहीत धरायचं.

गाडीतही सोय असते. ब्रिटनमधल्या काट्याच्या स्पीडोमीटरवर सहसा मैलांचे मोठे आकडे आणि किलोमीटरचे लहान आकडे असे दोन्ही असतात. डिजिटल स्पीडोमीटर असलेल्या अनेक गाड्यांमध्ये सेटिंगमधून एकक बदलता येतं.

आपला संबंध काय?

भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं स्वीकारली. मराठीत 'मैलाचा दगड' उरला असला, तरी आपल्या रस्त्यांवरचे आकडे किलोमीटरचेच असतात. त्यामुळे ब्रिटन किंवा अमेरिकेत भाड्याची गाडी घेतल्यावर पाटीवरचा आकडाही आपण सवयीने किलोमीटरचाच समजतो. दोन्हीकडे वेगमर्यादा मैलांत असतात.

तोंडी हिशेब सोपा आहे : मैलांना आठने गुणा आणि पाचने भागा. म्हणजे ३० मैलांचे ४८ किलोमीटर, ५० चे ८०. पण हे गणित चालत्या गाडीत करण्यापेक्षा निघण्याआधी स्पीडोमीटरवरचं एकक पाहून घेणं अधिक सुरक्षित.