खिळ्यांतून उमटलेली मराठी

कोऱ्हाळे बुद्रुकच्या आमच्या घरात पंचांग खुंटीला टांगलेलं असे. पाडव्याला नवं आलं की जुनं फडताळात जाई. त्यातलं अक्षर कुणीतरी हाताने कोरलेलं आहे, हे मात्र मला फार उशिरा उमजलं.

छापील पंचांगाची मराठीतली सुरुवात गणपत कृष्णाजींची. मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये छपाई पाहून त्यांनी घरीच लाकडी यंत्र उभं केलं, शाईही स्वतः बनवली. 1831 साली त्यांनी पंचांग शिळाछापावर काढलं. शिळाछाप म्हणजे दगडावर तेलकट शाईने लिहिलेला मजकूर, म्हणून त्यात लेखनिकाचं वळण जसंच्या तसं उतरे. पुढे त्यांचंच पंचांग खिळ्यांनी, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांनी, जुळवून निघालं आणि अक्षराची सूत्रं लेखनिकाकडून ओतारीकडे गेली.

त्याच मिशन प्रेसमध्ये एक पोरगा टाइप घासत असे. त्याचं नाव जावजी दादाजी चौधरी. 1864 मध्ये त्यांनी स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना. अक्षरं कोरायला सोबत होते राणूजी रावजी आरू. पुस्तकावर छापखान्याचं नाव येई, आरूंचं येत नसे. माझ्या मते मराठी पानाचं रूप ज्यांनी ठरवलं, त्यांत या माणसाचं नाव पहिल्या ओळीत हवं.

ते काम किती नाजूक! पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं. मग ते ज्योतीवर धरून काजळी चढवायची, कागदावर ठसा घ्यायचा, चूक दिसली की पुन्हा कानस. मनाजोगतं झालं की पोलादाला पाणी द्यायचं आणि तांब्याच्या तुकड्यावर ठोकायचं. त्या खोलगट साच्यात शिसं, कथील आणि अँटिमनीचा रस ओतला की खिळा तयार. इंग्रजी शंभरएक खिळ्यांत भागते. आपल्याला काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं धरून शेकडो लागतात. शिवाय शिरोरेषा! प्रत्येक खिळ्यावर तिचा एकेक तुकडाच असतो. एखादा खिळा केसभर वर-खाली झाला तरी ओळीचं छप्पर मोडतं. टिळकांसारखा माणूस छापखान्यातल्या खिळ्यांची संख्या कमी करायच्या मागे लागला, तो या पसाऱ्यामुळेच.

निर्णयसागरचं पान आजही उघडून पाहा. 1886 पासून निघालेल्या ‘काव्यमाले’चे संस्कृत ग्रंथ असोत की 1881 साली सुरू झालेलं विनायक कोंडदेव ओकांचं ‘बालबोध’ मासिक, अक्षर भरदार आणि काळ्या-पांढऱ्याचा तोल पक्का. बारीक टाइपातली टीपसुद्धा डोळ्याला टोचत नाही. जावजी 1892 साली गेले, पण ते वळण देशभरच्या वाचकांच्या नजरेत मुरलं होतं. संस्कृत वाचणाऱ्या परदेशी पंडितांनाही ते ओळखीचं झालं.

पुढे ऑफसेट आलं, संगणक आला आणि तालुक्याच्या गावांतली ट्रेडल यंत्रं थांबली. खिळ्यांच्या कप्पेदार पेट्या, म्हणजे केसी, शिशाच्या भावाने भंगारात गेल्या. त्याबरोबर जुळाऱ्यांच्या बोटांतली ओळखही गेली; न बघता ‘क्ष’चा कप्पा गाठणारी बोटं होती ती.

बारामती, इंदापूर किंवा तुमच्या गावात एखाद्या बंद छापखान्यात खिळे अजून पडून असतील, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एवढं करा: प्रत्येक केसमधल्या सगळ्या अक्षरांचा ठसा एका कागदावर घ्या, खाली गाव आणि साल लिहा, आणि तो कागद जवळच्या ग्रंथालयात द्या.