दूध पुरते तापले का?

डेअरीत दूध ६३ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच थंड करतात. त्याने क्षयाचे जंतू मरतात. पण दूध तेवढे तापले की नाही, हे चवीवरून कळत नाही.

कच्च्या दुधात फॉस्फटेज नावाचे विकर असते. ते क्षयजंतूंपेक्षा थोडी जास्त उष्णता सोसते. म्हणून ते नष्ट झाले, की जंतूही मेले असे समजावे. १९३५ च्या सुमारास इंग्लंडात के व ग्रॅहम यांनी यावरून चाचणी बसवली. आज प्रयोगशाळेत दुधात रसायन घालून नळी ३७ अंशांवर ठेवतात. पिवळा रंग चढला, तर दूध कमी तापले किंवा त्यात कच्चे दूध मिसळले.

घरच्या गाईम्हशींच्या दुधाची अशी परीक्षा होत नाही. ते मुलांना देण्यापूर्वी चांगले उकळावेच.