स्पार्क प्लगची बैठक

सोलापूरहून तुळजापूर सुमारे 45 किलोमीटर. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण 450 मीटर, तर बालाघाटाच्या कडेवर वसलेले तुळजापूर साधारण 650 मीटर उंच. वाटेत शेवटी घाट लागतो. नवरात्रात भवानीच्या दर्शनाला निघालेली, माणसांनी गच्च भरलेली मोटार खालच्या गिअरमध्ये हा घाट चढू लागली, की तिच्या इंजिनातील एका बोटभर वस्तूची खरी परीक्षा होते. ही वस्तू म्हणजे स्पार्क प्लग. (त्याच घाटातून जाणाऱ्या डिझेलच्या एस. टी. बसमध्ये मात्र तो शोधू नका. तिथे नुसत्या दाबाने हवा इतकी तापते, की तेल ठिणगीवाचूनच पेट घेते.)

प्लगच्या टोकाशी दोन विद्युदग्रे असतात. त्यांच्यामध्ये जेमतेम 0.7 ते 1.1 मिलिमीटर फट असते. दहा-पंचवीस हजार व्होल्टचा विद्युत्दाब ही फट ओलांडतो आणि पेट्रोलची वाफ व हवा यांचे मिश्रण पेटते. मिनिटाला 3,000 फेरे करणाऱ्या फोर-स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एक ठिणगी लागते. म्हणजे प्रत्येक प्लगला सेकंदाला 25 ठिणग्या! जर्मनीतील बॉश कारखान्याचे अभियंते गॉटलोब होनोल्ड यांनी 1902 साली उच्च दाबाच्या मॅग्नेटोबरोबर असा प्लग वापरात आणला. त्याची मूळ रचना आजही तीच आहे.

नवा प्लग घट्ट का बसवायचा, असे विचारले तर बहुतेक जण सांगतील, ‘वायू गळू नये म्हणून.’ उत्तर खरे आहे, पण अर्धेच. जळत्या वायूचे तापमान 2,000 अंश सेल्सिअसच्या वर जाते. प्लगचे नाक त्यात सतत भाजून निघते. ते साधारण 500 अंशांच्या वर राहिले, तर त्यावरची काजळी आपोआप जळून जाते. पण 850 अंशांच्या पुढे गेले, तर ते निखाऱ्यासारखे लाल होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटविते. मग वर येणाऱ्या दट्ट्यावर अवेळी दाब पडतो, आणि वेळीच थांबले नाही तर दट्ट्याला भोकही पडू शकते. हे टाळायचे तर नाकाची उष्णता सतत बाहेर गेली पाहिजे. तिचा मुख्य रस्ता प्लगच्या आट्यांतून आणि वायसरमधून इंजिनाच्या हेडमध्ये, तिथून पाण्यात. प्लग सैल असेल तर या रस्त्यात हवेचा थर येतो, आणि हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे, हे आपण शाळेत शिकतोच. सपाट रस्त्यावर सैल प्लग कदाचित निभावून नेईल; घाटात नाही.

म्हणजे जोर लावून आवळला की झाले? तसेही नाही. आजच्या बहुतेक मोटारींचे हेड ॲल्युमिनियमचे असते आणि प्लगचे आटे पोलादाचे. मऊ धातूचे आटे गेले, तर दुरुस्तीचा खर्च प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट. म्हणून काम थंड इंजिनावरच करावे. तापलेल्या ॲल्युमिनियमचे आटे लवकर सोलवटतात. शिवाय गरम हेडमध्ये गार प्लग घातला, तर हेड निवताना आकसून त्याला करकचून धरते.

आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ प्लगच्या खळग्यात हमखास साचते. जुना प्लग काढण्याआधी ती हवेच्या झोताने उडवावी, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. नव्या प्लगची फट फिलर गेजने मोजावी. खोक्यातून काढला म्हणजे फट बरोबरच असेल, असे धरू नये. मग पान्याला हात न लावता प्लग बोटांनीच फिरवावा. खळगा खोल असेल, तर प्लगच्या वरच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा चढवून फिरविण्याची मिस्त्री लोकांची युक्ती मला फार आवडते. आटे तिरके धरले गेले, तर नळी निसटून गरगर फिरते आणि आटे वाचतात.

बोटांनी प्लग टेकला, की पान्याची पाळी. नव्या वायसरच्या 14 मिलिमीटर आट्यांच्या प्लगला त्यानंतर अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा पुरतो. तेवढ्यात पोकळ वायसर चेपून बसतो. तोच प्लग पुन्हा बसवायचा असेल, तर वायसर आधीच चेपलेला असल्याने सुमारे बारावा हिस्सा फेरा पुरे. निमुळत्या बैठकीच्या, वायसर नसलेल्या प्लगला सोळावा हिस्सा. टॉर्क पाना असेल, तर पहिल्या प्रकारासाठी 25 ते 30 न्यूटन-मीटर. म्हणजे 25 सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाशी साधारण दहा-बारा किलो वजनाइतका जोर. आट्यांना तेल मात्र लावू नये. पान्यावरचा बराचसा जोर घर्षणावर मात करण्यातच खर्च होतो. तेलाने घर्षण घटले, की तेवढ्याच जोरात प्लग भलताच आवळला जातो.

काम एकेका प्लगचे पुरे करीत जावे. चार सिलिंडरांच्या इंजिनात ठिणग्यांचा क्रम सहसा 1-3-4-2 असा असतो, आणि जुन्या पद्मिनीसारख्या गाडीत दोन वायरींची अदलाबदल झाली, की इंजिन फुसफुसते, झटके देते.

बैठक बरोबर जमली होती का, ते पुढे प्लग काढल्यावर दिसते. नाक फिकट तपकिरी असेल तर उत्तम. पांढरेफटक, फोड आलेले असेल तर ते फार तापत होते. अशा वेळी वायसरही पाहावा. त्यावर चकाकता कडा सगळीकडे सारखा उमटला असेल, तर प्लग सरळ बसला होता. एकाच बाजूला उमटला असेल, तर खाली खडा राहिला होता किंवा आटे तिरके गेले होते.