पायथन भाषेतील मॉड्यूलांची आयात व त्यांची नोंद

कोणतीही मोठी आज्ञावली सहसा एका फाइलीत लिहिली जात नाही. ती अनेक भागांत विभागलेली असते. एका भागास दुसऱ्याची गरज पडताच तो शोधून आणणे, आणि तो पूर्वीच आणलेला आहे किंवा नाही याचे स्मरण ठेवणे, ही दोन्ही कामे भाषेच्या कार्यव्यवस्थेवर येऊन पडतात. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या पायथन भाषेत ती कशी पार पडतात, याचे विवेचन येथे केले आहे.

या भाषेतील स्वतंत्र भागास मॉड्यूल म्हणतात. 'इम्पोर्ट' ही आज्ञा येताच कार्यव्यवस्था प्रथम फाइलींकडे वळत नाही; 'सिस' मॉड्यूलातील 'मॉड्यूल्स' नावाचा नोंदकोश ती आधी पाहते. या कोशात मॉड्यूलाच्या पूर्ण नावापुढे ते मॉड्यूल नोंदलेले असते. नोंद सापडल्यास तेच मॉड्यूल हाती दिले जाते आणि त्यातील मजकूर पुन्हा चालविला जात नाही. म्हणूनच शंभर ठिकाणी आयात केलेले मॉड्यूल सामान्यतः एकदाच चालते.

नोंद नसल्यास शोधकांची पाळी येते. पहिला शोधक भाषेतच अंतर्भूत असलेली मॉड्यूले पाहतो, दुसरा गोठवून ठेवलेली, तर तिसरा 'सिस' मधील 'पाथ' या यादीतील स्थळे क्रमाने धुंडाळतो. यादीत जे स्थळ आधी, त्यातील फाइल आधी सापडते. यास्तव प्रमाण ग्रंथालयातील मॉड्यूलाचे नाव स्वतःच्या फाइलीस दिल्यास मूळ मॉड्यूल झाकले जाण्याचा संभव असतो. २०१२ सालच्या ३.३ या आवृत्तीपासून ही यंत्रणा बहुतांशी पायथनमध्येच लिहिलेली आहे.

यापुढील पायरी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. रिकामे मॉड्यूल निर्माण करून त्याची नोंद प्रथम होते, आणि त्यातील मजकूर नंतर चालविला जातो. हा क्रम उलट असता तर 'अ' ने 'ब' ला आणि 'ब' ने पुन्हा 'अ' ला आणावयाचे, हे चक्र कधीच संपले नसते. प्रत्यक्षात 'ब' ला कोशात 'अ' मिळतो, परंतु तो अर्धवट स्थितीत. 'अ' मध्ये अद्याप न आलेले नाव 'ब' ने तत्काळ मागितले तर दोष उद्भवतो. तेच नाव पुढे केव्हातरी चालणाऱ्या फलनात वापरले असेल तर काही बिघडत नाही. मजकूर चालत असता दोष आल्यास त्या मॉड्यूलाची नोंद काढून टाकली जाते. मात्र त्याने तोवर यशस्वीपणे आणलेली इतर मॉड्यूले कोशात तशीच राहतात.

नोंद नावाने होते, फाइलीने नव्हे, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. 'हिशेब' ही फाइल थेट चालविली असता तिची नोंद 'हिशेब' या नावाने न होता मुख्य आज्ञावलीसाठी राखलेल्या 'मेन' या विशेष नावाने होते. पुढे दुसऱ्या मॉड्यूलाने 'हिशेब' ची आयात केली की कोशात ते नाव आढळत नाही, आणि तीच फाइल पुन्हा चालते. परिणामी तीत व्याख्या केलेला 'खाते' हा वर्ग दोनदा निर्माण होतो. एकाची वस्तू दुसऱ्या वर्गाची आहे काय, असे विचारल्यास उत्तर नकारार्थी येते. अक्षरशः एकच असलेला मजकूर येथे दोन भिन्न अस्तित्वे धारण करतो, आणि एकातील बदल दुसऱ्यास कळत नाही.

पुनर्भरणाचीही अशीच मर्यादा आहे. 'रीलोड' केल्याने तेच मॉड्यूल पुन्हा चालते. परंतु त्यातून पूर्वी उचलून घेतलेली नावे जुन्याच वस्तूंकडे निर्देश करीत राहतात. कोशातील नोंद खोडून नव्याने आयात केल्यास तर निराळेच मॉड्यूल निर्माण होते, आणि जुने ज्यांच्या हाती आहे ते जुन्यावरच विसंबून राहतात.

सारांश, एका नावास एक मॉड्यूल एवढीच हमी हा कोश देतो. एका फाइलीस एक मॉड्यूल ही हमी त्यात नाही. ती आज्ञावलीच्या रचनेतूनच साधावी लागते.